बगाडाचं ३ तास ४० मिनिटांचं शूटिंग एकाच डीव्हीडीवर: रेझोल्यूशन कोणतं, बिटरेट किती?

कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट सांगून माझी अडचण कळायची नाही.

आमचं गाव बावधन. रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड (उंच शिडाला माणूस टांगून बैलांनी ओढायचा गाडा) असतं, हे सातारकरांना वेगळं सांगायला नको. १९९६ ला बगाड्या म्हणून, म्हणजे शिडाला टांगून घ्यायला, आमच्या थोरल्या चुलत्यांना कौल लागला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वाईतल्या ओळखीच्या माणसाकडनं खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा मागून आणला आणि सोनेश्वरापासून गावापर्यंत बगाडाबरोबर शिवारातनं चालत शूटिंग केलं. एक १८० मिनिटांची कॅसेट पूर्ण भरली, दुसरीवर ४० मिनिटं.

त्या दिवशी घरात पन्नासेक पाहुणे होते आणि आज्जी सकाळपासून चुलीपुढं. आपल्या लेकाला शिडाला टांगलेलं तिनं नीट बघितलंच नाही. बगाड गावात आलं तेव्हा गर्दीच्या मागनं नुसतं शीड दिसलं, असं ती आजही सांगते. चुलते जाऊन आता नऊ वर्षं झाली. आज्जी ८६ वर्षांची आहे. तिच्याकडं जुना ट्यूबचा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे, आणि तो तिला एकटीला लावता येतो. म्हणून डीव्हीडीच पाहिजे. तिच्या अटी दोनच: मधे डिस्क बदलायला लावायची नाही, आणि काही म्हणजे काही कापायचं नाही.

कॅसेट प्लेअरची पिवळी-पांढरी वायर मित्राच्या डीव्ही कॅमेऱ्यात दिली आणि तिथनं कॉम्प्युटरला. डीव्ही फाइल, ७२०×५७६ (चित्राची रुंदी × उंची, पिक्सेलमध्ये), दोन्ही कॅसेटच्या मिळून ४८ जीबी झाल्या. तिथपर्यंत चित्र चांगलं आहे. पुढं गाडं अडलंय.

पहिल्यांदा सॉफ्टवेअरला ‘एका डिस्कवर बसव’ एवढंच सांगितलं. रेझोल्यूशन ७२०×५७६ च ठेवलं. बसलं, पण बगाड नांगरलेल्या रानातनं जातं आणि धुरळा उठतो तिथं चित्राचे चौकोन चौकोन होतात. ‘काशीनाथाचं चांगभलं’ म्हणून हजारभर हात वर जातात, तिथं तर एक तोंड ओळखू येत नाही. दुसऱ्यांदा ३५२×२८८ केलं. चौकोन गेले, पण बैलांचे पाय अडखळल्यासारखे दिसायला लागले आणि सगळं पुसट झालं.

आता काय करू? ड्युअल लेअर (दोन थरांची) डिस्क आणू का? बिटरेट, म्हणजे एका सेकंदाला किती डेटा द्यायचा, तो कसा काढतात ते कुणी हिशोबासकट सांगेल का? म्हणजे गावातल्या इतरांच्या कॅसेटही मला करून देता येतील.

रहिमतपूरकर

पहिल्या डिस्कवरची एखादी व्हीओबी फाइल (यातच चित्र-आवाज असतो) मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि आवाजाच्या खाली काय लिहिलंय ते इथं टाका. मला एक शंका आहे.

कृष्णाकाठ (वाई)

व्हिडिओ: एमपेग-२, सरासरी ११९८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). आवाज: पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, १५३६ केबीपीएस.

रहिमतपूरकर

तेच. पीसीएम म्हणजे न दाबलेला आवाज. चित्रापेक्षा आवाजालाच जास्त जागा गेलीय. धुरळ्याला काही उरलंच नाही.

जुना शूटिंगवाला (सांगली)

रहिमतपूरकरांनी नेमकं बोट ठेवलं. आता हिशोब मी सांगतो. १९९१ पासून अठरा वर्षं लग्नाचं शूटिंग केलं, पुढं लोकांच्या कॅसेटवरनं डीव्हीडी करून देत होतो, त्यामुळं हा हिशोब हातातला आहे.

साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, ते ४७० कोटी बाइट. कॉम्प्युटर त्यालाच ४.३७ जीबी दाखवतो, कारण तो हजारानं नाही, १०२४ नं भागतो. त्या आकड्यानं घाबरायचं नाही. ४७० कोटी बाइटला ८ नं गुणलं की बिट मिळतात. ते किलोबिटमध्ये ३ कोटी ७६ लाख होतात. तुमचे ३ तास ४० मिनिटं म्हणजे १३,२०० सेकंद. भागा: २८४८ केबीपीएस. डिस्कची रचना, मेनू, फाइल बांधताना जाणारी जागा यासाठी चार टक्के बाजूला काढा, राहिले २७३४. यात चित्र आणि आवाज दोन्ही आले. सॉफ्टवेअरनं आवाजाला १५३६ दिले, म्हणून चित्राला ११९८ उरले.

कॅमेऱ्यावरच्या एका माइकवर आलेला हा आवाज आहे. त्याला एसी-३ मध्ये, म्हणजे दाबलेल्या आवाजात, १९२ केबीपीएस भरपूर झाले. म्हणजे चित्राला २५४० मिळतात. तुम्ही २५०० धरा. आवाजात दुसरं काही न करता नुसत्या या एका बदलानं चित्राची जागा दुप्पट झाली.

आता रेझोल्यूशन. व्हीएचएस कॅसेटवर आडवा तपशील मुळात फार कमी असतो. जेमतेम २४० उभ्या रेषा ओळखता येतील एवढाच. तुमच्या डीव्ही फाइलची रुंदी ७२० पिक्सेल आहे, पण त्यात कॅसेटचा जो तपशील आहे तो ३५२ पिक्सेलमध्ये जवळपास पूर्ण मावतो. बाकीचे पिक्सेल तेच चित्र ताणून भरलेले आहेत, आणि एन्कोडर (चित्र दाबून बसवणारं सॉफ्टवेअर) मात्र त्या प्रत्येकासाठी बिट खर्च करतो. म्हणून रुंदी निम्मी करा: ३५२×५७६. डीव्हीडीच्या नियमात हे रेझोल्यूशन बसतं, प्लेअर ते आपोआप पडदाभर दाखवतो, आज्जींना काही करावं लागत नाही. पिक्सेल निम्म्याहून थोडे कमी होतात, त्यामुळं २५०० केबीपीएस इथं तेच काम करतात जे ७२० ला ५००० नं झालं असतं.

आणि उंची? तिला हात लावायचा नाही. तुम्ही ३५२×२८८ केलं तिथंच बैलांचे पाय अडखळले. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड असतात: एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. दोन्ही वेगवेगळ्या क्षणांच्या. म्हणजे डोळ्याला सेकंदाला ५० क्षण दिसतात. २८८ रेषा ठेवल्या की एक फील्ड टाकून दिलं जातं आणि ५० चे २५ होतात. बैल पाय उचलतो आणि टेकवतो, मधला क्षणच गायब. लग्नात अक्षता उडताना मी हे हजारदा बघितलंय: ५७६ रेषांत अक्षता पाऊस पडल्यासारख्या येतात, २८८ मध्ये हवेत टिपके उमटल्यासारख्या. लांब शूटिंग बसवायचं असेल तर रुंदीतनं कापा, उंचीतनं कधीच नाही.

काम करताना एवढं सांभाळा.

डीइंटरलेस करू नका, म्हणजे दोन फील्ड एकत्र करू नका. ट्यूबच्या टीव्हीला दोन फील्डच पाहिजे असतात. एन्कोडरमध्ये ‘इंटरलेस्ड’ ठेवा आणि फील्डचा क्रम ‘लोअर फर्स्ट’ ठेवा, कारण डीव्ही फाइलमध्ये खालचं फील्ड आधी असतं. हा क्रम चुकला की चालणारा माणूस पुढं-मागं थरथरल्यासारखा दिसतो. बैलांच्या पायांवरच तपासा, लगेच कळेल.

डावी-उजवीकडनं ८-८ पिक्सेल कापा. ७०४ उरतात आणि त्याचं निम्मं बरोबर ३५२ होतं. त्या पट्ट्यांत कॅसेटची काळी किनारच असते.

चित्राच्या अगदी तळाशी आठ-दहा रेषा फाटल्यासारख्या वळवळत असतील. प्लेअरचं हेड बदलताना त्या येतात. टीव्हीच्या चौकटीआड त्या दिसत नाहीत, पण एन्कोडरला दिसतात आणि त्या वळवळीवर तो प्रत्येक फ्रेममध्ये बिट उधळतो. कापून चित्र ताणू नका, फील्ड बिघडतील. तेवढ्या रेषांवर काळी पट्टी ठेवा. काळ्याला बिट लागत नाहीत.

कॅसेटची मुंग्यांसारखी खरखर हलक्या फिल्टरनं कमी करा. हलक्याच. जास्त केलं तर धुरळाही पुसला जातो आणि बगाड रिकाम्या रानात चालल्यासारखं दिसतं.

शेवटी, सीबीआर (सगळीकडं सारखा बिटरेट) नको, दोन पासचं व्हीबीआर (गरजेप्रमाणं कमी-जास्त बिटरेट) करा. सरासरी २५००, कमाल ७०००. नियमात चित्राला ९८०० पर्यंत मुभा आहे, पण घरी लिहिलेली डिस्क जुन्या प्लेअरमध्ये ८००० च्या पुढं अडखळते, हा माझा अनुभव आहे. पहिल्या पासमध्ये एन्कोडर सगळं बघून घेतो, दुसऱ्यात वाटणी करतो. आणि तुमच्या आज्जी काही कापू देत नाहीत हे इथं फायद्याचं आहे. बैल बदलायला बगाड थांबत असणार, तेव्हा आप्पांचा कॅमेराही एका जागी थांबला असणार. तिथं हजार-बाराशेत भागतं. वाचलेले बिट तो धुरळ्याला देतो.

ड्युअल लेअरवर ८.५ जीबी मिळतात, तुमच्या लांबीला चित्रासाठी साधारण ४७०० केबीपीएस. पण जुने प्लेअर एका थरावरनं दुसऱ्यावर जाताना अडकतात, काही तर डिस्क ओळखतच नाहीत. आज्जींसाठी तो धोका पत्करू नका.

तानपुरा (मिरज)

काका, सगळं पटलं, पण आवाजाचं पूर्ण नाही. ‘आवाजाला १९२ पुरे’ हे बगाडासाठी बरोबर, सरसकट नाही.

माझ्या वडिलांकडं घरच्या बैठकींच्या कॅसेट आहेत. मिरजेत दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी संगीतसभा होते, तिथं आलेले काही गायक नंतर आमच्या घरी बसत. हाय-फाय ट्रॅक असलेल्या व्हीसीआरवर ते रेकॉर्ड झालंय, आवाज खरंच सुंदर आहे. तिथं दोन-अडीच तास एकच फ्रेम: गवई, दोन तानपुरे, पेटी, तबला, मागं भिंत. हलतात ते फक्त हात. मी आधी तुमच्यासारखंच १९२ वर केलं होतं. तानपुऱ्याची जवार बसली होती. चारी तारा वाजतायत हे कळत होतं, पण तारेतनं तो जो दुसरा आवाज फुटतो तो बोथट झाला होता. बाबा ऐकत होते. पाच मिनिटांत म्हणाले, ‘तानपुरा उतरलाय का गं?’ तो उतरला नव्हता.

मग उलटं केलं. आवाज पीसीएम, पूर्ण १५३६. अडीच तासांना, चार टक्के सोडून, चित्राला साधारण २४५० केबीपीएस उरतात, आणि ३५२×५७६ मध्ये जवळजवळ स्थिर चित्राला ते पुष्कळ होतात. बाबांनी पूर्ण ऐकलं.

कृष्णाकाठ, तुमच्याकडं बगाडापुढं वाजंत्री असणार. निदान २५६ देऊन बघा. चित्राचे ६४ केबीपीएस कमी होतील, ते कळणारही नाहीत.

जुना शूटिंगवाला (सांगली)

ताई, बरोबर बोललात. लग्नात सनई-चौघडाही कॅमेऱ्याच्या माइकवर चिरकतो, त्यामुळं आवाज राखण्याची सवय मला लागलीच नाही. कृष्णाकाठ, एसी-३ २५६ करा आणि चित्र २४५० ठेवा. एक मात्र तपासा. डीव्ही कॅमेऱ्याच्या मेनूत आवाज १२ बिटवर असेल तर तो ३२ किलोहर्ट्झवर आलेला असतो. डीव्हीडीला ४८ च लागतो. १६ बिटवर ठेवून कॅप्चर केलं असेल तर प्रश्न नाही.

आणि त्या ४८ जीबीच्या फाइल पुसू नका. डीव्हीडी आज्जींसाठी आहे, ठेवण्याची वस्तू ती फाइल आहे. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत ठेवा. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मी वरच्या मजल्यावर कॅमेरे नेले आणि कॅसेटचं खालचं कपाट राहिलं. चाळीस कॅसेट होत्या, लोकांच्या. गाळ टेपच्या वेटोळ्यांत बसला होता. धुऊन, सुकवून सात वाचल्या. बाकीच्या घरांना मी काय सांगितलं असेल, ते तुम्हाला कळेल.

कृष्णाकाठ (वाई)

काका, ताई, रहिमतपूरकर, मनापासून आभार.

आवाज १६ बिटच होता. ३५२×५७६, दोन पास, सरासरी २४५०, आवाज २५६. माझ्या जुन्या मशिनवर रात्रभर चाललं. चित्र बघून आप्पा गप्पच झाले. धुरळा धुरळ्यासारखा दिसतो. बैलांच्या शिंगांना बांधलेले गोंडे हलताना दिसतात, ते आधीच्या दोन्ही डिस्कवर नव्हतेच. तळाच्या काळ्या पट्टीचं तर नवल वाटलं. तेवढीच एक गोष्ट बदलून तीन मिनिटांचा तुकडा दोनदा केला, त्याच बिटरेटला पट्टीवाला तुकडा स्वच्छ आहे.

एक भानगड राहिलीय. दुसऱ्या तासाच्या शेवटाकडं आवाज आणि चित्र जुळत नाही. तोंड आधी उघडतं आणि ओरडणं नंतर ऐकू येतं.

जुना शूटिंगवाला (सांगली)

हळूहळू सरकत जातं, की एका ठिकाणी एकदम?

कृष्णाकाठ (वाई)

एकदम. १ तास ५२ मिनिटांवर कॅसेटला सुरकुती आहे, चित्र उडतं, तिथनं पुढं शेवटपर्यंत तेवढाच फरक.

जुना शूटिंगवाला (सांगली)

मग सोपं आहे. सुरकुतीवर सिग्नल तुटला, कॅप्चर करताना काही फ्रेम आल्याच नाहीत, आवाज मात्र येत राहिला. हळूहळू सरकलं असतं तर घड्याळांचा फरक म्हणून सगळा आवाज ताणावा लागला असता. तुमच्याकडं तसं नाही.

सुरकुतीपाशी फाइलचे दोन भाग करा. दुसऱ्या भागात हलगी वाजताना जवळनं दिसते अशी जागा शोधा. काडी कातड्यावर पडते ती फ्रेम एक-एक फ्रेम पुढं सरकवत पकडा. खाली आवाजाच्या आलेखात तोच टोला सुईसारखा वर आलेला असतो. दोन्हींत किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजा. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. तेवढा आवाज सरकवा. तोंडावरनं जुळवू नका, ओठ फसवतात. काडी फसवत नाही.

तानपुरा (मिरज)

मी तबल्यावर असंच करते. समेवर थाप पडते तिथं.

कृष्णाकाठ (वाई)

१३ फ्रेम. म्हणजे ५२० मिलिसेकंद. सरकवलं आणि हलगी बरोबर काडीखाली आली. डिस्क ४ एक्स वेगानं लिहिली, लिहून झाल्यावर पडताळणीही केली. आज्जीच्या प्लेअरनं पहिल्या झटक्यात घेतली.

काल दुपारी आज्जीनं बघायला घेतलं. मला वाटलं होतं ती चुलत्यांसाठी थांबेल. त्यांना तिनं शांतपणे बघितलं, हात जोडले, काही बोलली नाही. पण साधारण सव्वा तासावर बैल बदलायला बगाड थांबलंय, आप्पांचा कॅमेरा माणसांवरनं फिरतोय, आणि एका बाजूला कासरा धरून एक माणूस उभा आहे. आम्ही कुणी त्याला ओळखलं नव्हतं. आज्जी म्हणाली, ‘ह्यो आमचा दादा.’ तिचा भाऊ. त्याचा घरात एकही फोटो नाही. चित्र साधारण चार सेकंद आहे. ३५२×२८८ वर तिथं नुसता पांढरा टिपका होता, मी मुद्दाम जाऊन बघितलं.

ते तिला परत परत बघायचंय, पण रिमोटवर मागचं बटण दाबलं की डिस्क एकदम सुरुवातीला जाते. यावर काही करता येईल का?

जुना शूटिंगवाला (सांगली)

डिस्क बांधताना चॅप्टर (उडी मारायच्या खुणा) टाकले नाहीत म्हणून तसं होतंय. ऑथरिंगच्या, म्हणजे डिस्क बांधायच्या, सॉफ्टवेअरमध्ये त्या जागांवर खुणा करा. चित्र परत एन्कोड करायचं नाही, आहे त्याच एमपेग फाइलवर. ठरावीक पाच-पाच मिनिटांनी टाकू नका. जिथं जिथं बगाड थांबून बैल बदललेत तिथं टाका, माणसं तिथंच दिसतात. दादांच्या दोन सेकंद आधी एक वेगळा टाका. खूण जवळच्या मुख्य (पूर्ण साठवलेल्या) फ्रेमवर सरकेल. पालमध्ये त्या जास्तीत जास्त १५ फ्रेमच्या अंतरानं असतात, म्हणजे अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फरक पडेल.

आणि ती चार सेकंदं डीव्ही फाइलमधनं काढा, एन्कोड केलेल्यातनं नको. एक फ्रेम घ्या, माणूस हलत असेल तर एकच फील्ड घ्या, आणि पोस्टकार्डाएवढा फोटो काढून द्या. त्याहून मोठा करू नका, फुटेल.

कृष्णाकाठ (वाई)

बैलबदलाच्या १७ जागा निघाल्या, अठरावी खूण दादांची. फोटोसाठी वरचं फील्ड जास्त स्पष्ट आहे, कासऱ्याचा पीळसुद्धा दिसतो. वाईत प्रिंट काढायला टाकलाय. डिस्क आज रात्री परत लिहितोय.